हात हलवत परत येणारे दिवस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक पंचेचाळिशीचे, मूळ रेवदंड्याकडचे, आता फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतात. सॉफ्टवेअरमधली नोकरी, पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी. काही वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात मित्राबरोबर ट्राउट माशांसाठी फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे पिसांचं-केसांचं खोटं आमिष) केलं आणि वेड लागलं. मग समुद्राकडे वळले. आता सुट्टी मिळेल तेव्हा कुटुंबाला घेऊन फ्लोरिडा कीज बेटांवर जातात, गाइडची होडी ठरवतात आणि बोनफिश, टार्पन, परमिट या माशांच्या मागे लागतात. यंदा मार्चमध्ये, मुलीच्या स्प्रिंग ब्रेकला, बिग पाइन कीला तीन दिवस होते. दोन दिवस वारा आणि ढग. तिसऱ्या दिवशी एका टार्पनने फ्लाय तोंडात घेतली, यांनी रॉड वर उचलला आणि मासा निघून गेला. गाइड ओरडला, हेही त्याच्यावर उलट ओरडले. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. पत्नी एवढंच म्हणाली, "पैसे मोजून वैताग विकत आणतोस." ते लिहितात, "दिवसाचे आठशे डॉलर, वर्षभर सराव, उत्तम रॉड, आणि तरी भोपळा. माझे बाबा साधी गरी घेऊन खाडीवर जायचे, पण कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. ग्रुपवरचे इतरांचे फोटो बघवत नाहीत. माझ्यातच काही कमी आहे का? सोडून द्यावं का हे सगळं?"

उत्तर:

सुरुवात तुमच्या बाबांपासून करते. पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे, पण मला वाटतं गुंत्याचं टोक तिथेच आहे.

ते कधीच रिकाम्या हाताने आले नाहीत, असं तुम्हाला आठवतं. खरंच कधीच नाही? ज्या संध्याकाळी ते शेंगट्या आणि खरब्या घेऊन आले, किंवा एखाद्या भाग्याच्या दिवशी जिताडा घेऊन आले, त्या संध्याकाळी घरात गडबड उडाली असणार. कोणी विळी काढली, कोणी शेजारी वाटा पोहोचवला. ते लक्षात राहणारच. ज्या दिवशी काही लागलं नाही त्या दिवशी पिठलं झालं असेल, आणि पिठल्याची आठवण कोणी ठेवत नाही. बाबा किंवा आई असतील तर त्यांना एकदा फोन करून विचारा. मी पैज लावायला तयार आहे की पिठल्याचे दिवस बरेच निघतील.

दुसरं असं की ते जे करत होते आणि तुम्ही जे करता, त्यात पाणी आणि मासा सोडला तर फारसं सारखं काही नाही. त्यांच्या गरीला कोळंबीचा तुकडा होता, त्याला वास होता, आणि तो ज्याला आवडेल त्याने घ्यावा अशी त्यांची तयारी होती. तुम्ही बिनवासाचं, पिसांचं आणि केसांचं, वजन नसल्यासारखं काहीतरी, वाऱ्यात पन्नास फूट लांब, एका ठरावीक माशाच्या नाकासमोर टाकता. तेही ढोपरभर पाण्यात, जिथे तो तुम्हाला बघू शकतो. हा खेळ मुद्दाम अवघड करून घेतलेला आहे. तो अवघड आहे म्हणूनच तुम्हाला त्याचं वेड लागलं, आणि आता तो अवघड आहे म्हणून तुम्ही स्वतःवर चिडता.

शिवाय एक गंमत बघा. बोनफिश आणि टार्पन फ्लोरिडात २०१३ पासून पकडून सोडून द्यायचे मासे आहेत. म्हणजे तुमचा दिवस अगदी सोन्याचा गेला असता, तरी तुम्ही हात हलवतच परत आला असता. बाबांच्या टोपलीचं माप या खेळाला लावलं तर इथला जगातला सर्वोत्तम माणूसही नापास होईल.

बाबांकडून उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुम्ही नेमकी सोडून दिली आहे. तुमच्या गावी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. बाबांना हा हिशेब पाठ असणार. ते भरती बघून कामातून वेळ काढायचे. तुम्ही सुट्टी बघून भरतीकडे जाता. मार्चचा स्प्रिंग ब्रेक हा शाळेच्या सोयीचा आहे, टार्पनच्या नव्हे. कीजमध्ये मार्च वाऱ्याचा महिना. टार्पनची मोठी वर्दळ एप्रिल ते जूनमध्ये असते. थँक्सगिव्हिंगला आणि फेब्रुवारीच्या लांब वीकएंडला जाल, तर उत्तरेकडून थंड हवेची लाट येण्याची भीती. एका रात्रीत पाणी गार पडतं आणि बोनफिश उथळ पाणी सोडून खोलात जातात. मग त्या उथळावर तुम्ही काय आणि जगातला कोणताही वस्ताद काय, दोघंही रिकाम्या पाण्याकडे बघत बसणार.

पाऊणपटीचा हिशेब मात्र तिकडे नेऊ नका. तो आपल्या किनाऱ्याचा आहे. कीजमध्ये एका पुलाच्या अटलांटिकच्या बाजूची भरती आणि आखाताच्या बाजूची भरती यांत काही तासांचा फरक पडतो. पाणीही आपल्यासारखं पुरुष-दोन पुरुष चढत नाही, फूट-दोन फूट चढतं. पण तेवढ्या चढण्यानेच खेकडे आणि कोळंबी शोधणारे मासे गवताळ उथळावर येतात. त्यामुळे पुढच्या वेळी तारीख ठरवण्याआधी गाइडला विचारा, "या महिन्यातले कोणते दिवस तू स्वतःसाठी ठेवशील?" वर्षातून तीन वाईट आठवड्यांऐवजी एक बरा आठवडा निवडा. मुलीची शाळा बुडत नसेल तर मेचा शेवट किंवा जूनची सुरुवात. (ताडोबाला नाताळात जाऊन वाघ दिसला नाही म्हणून रुसलेल्यांची पत्रंही मला येतात. त्यांनाही मी हेच विचारते, की तारीख वाघाला विचारून ठरवली होती का?)

आता त्या तीन दिवसांकडे येऊ. तुम्ही तिन्ही दिवस एकाच पोत्यात भरून त्यावर "अपयश" अशी चिठ्ठी लावली आहे. पहिल्या दोन दिवसांत तुमचं काहीच चुकलं नाही. ढगांमुळे पाण्यावर पांढरी झिलई येते आणि खालचं दिसत नाही. दिसत नाही तर टाकायचं कुठे? ते दिवस निसर्गाचे. तिसरा दिवस मात्र तुमचा होता. तिथे चूक झाली, आणि ती दुरुस्त होणारी आहे. तिसऱ्या जातीचे दिवसही तुमच्या वाट्याला येतील: सगळं अगदी बरोबर केलं, फ्लाय अचूक पडली, परमिट वळला, खाली झुकला, जवळून न्याहाळलं आणि निघून गेला. का, ते त्याचं तो जाणे.

हे तीन वेगळे ठेवण्यासाठी एक छोटी वही करा. मासे किती, हा रकाना त्यात शेवटचा. आधीचे रकाने असे: मासा मला दिसला का, वेळेत टाकता आलं का, तो फ्लायकडे वळला का, त्याने तोंड लावलं का, अडकला का, उडाला का. तिथले जुने लोक टार्पनचा हिशेब असाच सांगतात. किती हाताला लागले ते नंतर, आधी किती उडवले ते. उडी मारून सुटलेला टार्पनही मोजला जातो. ही मनाची समजूत घालायची युक्ती नाही. चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की साखळी नेमकी कुठे तुटते ते दिसतं. तुमची, पत्रावरून तरी, दोन जागी तुटते आहे: दिसण्यात आणि अडकवण्यात. लांब फेकण्यात नाही. आणि वर्षभराचा सराव तुम्ही केलात तो, मला शंका आहे, लांब फेकण्याचाच. पार्कात ऐंशी फूट लाइन गेली की बरं वाटतं, हे मला ठाऊक आहे. मी टेक्सासच्या उथळ खाड्यांमध्ये रेडफिशच्या मागे हिंडते, तिथेही लोक पार्किंगमध्ये ऐंशी फूट टाकतात आणि पाण्यात पस्तीस फुटांवरचा मासा घालवतात.

तो क्षण जरा हळू करून बघू. तुम्ही होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे आहात. फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत, लाइनची वेटोळी पायाशी. मागे, चौथऱ्यावर उंच उभा राहून गाइड लांब काठीने होडी ढकलतोय. तो म्हणतो, "अकरा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललाय." घड्याळाच्या हिशेबाने नाळ म्हणजे बारा, हे तुम्हाला माहीत आहे, पण अकराकडे बघितलं तर नुसतं हिरवं-करडं पाणी. तो उंचावर आहे, त्याला मासा केव्हाचा दिसतोय. "दिसला?" "नाही." "काठीच्या टोकाकडे बघ." तुम्ही काठीकडे बघायला मान वळवता, तेवढ्यात पायाखाली लाइनचं एक वेटोळं येतं. आता दिसतो, एक लांबट सावली, चाळीस फुटांवर. घाईघाईत एक झोका जास्त घेतला जातो. वारा उजवीकडून. फ्लाय पडते ती माशाच्या मागे, किंवा नशीब जोरावर असेल तर पुढे. टार्पन वेग वाढवतो, तोंड उघडतं, बादलीएवढं. आणि तुमचा उजवा हात वर जातो.

तो वर जाणारच. ट्राउटने तो तसा घडवला आहे. ट्राउटचं तोंड मऊ, रॉड उचलला की गळ बसतो. टार्पनचं तोंड आतून हाडासारखं कठीण. तिथे रॉड माशाच्या दिशेने खाली ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची, ठसक्यात. हे तुम्हाला डोक्याने माहीत असणार, पण त्या क्षणी डोकं घरी असतं आणि हात कामावर. म्हणून हाताला शिकवायला हवं, आणि ते काम आठशे डॉलरच्या होडीवर होत नाही.

त्यासाठी मुलीची मदत घ्या. गवतावर तिच्या हातात लाइनचं टोक द्या, गळ अर्थातच काढून. ती पाठमोरी उभी राहील आणि तिला वाटेल तेव्हा एकदम ओढेल. तुम्ही रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने खेचायचं. रॉड वर गेला की तिला एक गुण. पहिल्या दिवशी ती तुम्हाला धुऊन काढेल. मग दुसरा खेळ: फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा, रॉडच्या टोकाबाहेर फक्त दहा-बारा फूट लाइन, बाकीची पायाशी. गवतावर इकडेतिकडे चार-पाच जुनी ताटं. ती ओरडेल, "दहा वाजता, चाळीस फूट!" आणि तुम्हाला जास्तीत जास्त दोन झोक्यांत टाकायचं आहे. वाऱ्याचा दिवस मुद्दाम निवडा. वीस मिनिटं पुरे. होडीवर अनवाणी उभे राहत जा, म्हणजे वेटोळं पायाखाली आलं की तळव्याला कळतं.

दिसण्याचा सराव घराजवळच होईल. टॅम्पा बे तुमच्या दाराशी आहे आणि पत्रात त्याचं नावही नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. फ्लोरिडाच्या रहिवाशाला खाऱ्या पाण्याचा वर्षाचा परवाना १७ डॉलरला मिळतो. पोलराइज्ड चष्मा लावा, तांबूस काचेचा, आणि ओहोटीला उथळात पायी फिरा. रॉड नाही नेला तरी चालेल. पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघायचं नाही, तळाकडे बघायचं, आणि हलणारी गोष्ट शोधायची. रात्री धक्क्यांवरच्या दिव्यांखाली स्नूक मासे उभे असतात. लेडीफिश तर भरपूर. (आपल्याकडे हॉटेलवाले मुडदुशीला लेडीफिश म्हणतात, ती ही नव्हे.) ही टार्पनच्याच गणातली, तशीच उडते, आणि हातभर लांबीची असल्यामुळे चूक झाली तरी अर्ध्या तासात दुसरी येते. टार्पन उडाला की रॉड त्याच्याकडे झुकवून लाइन ढिली सोडायची असते, तिकडे त्याला राजापुढे वाकणं म्हणतात. तो मुजरा आधी या धाकट्या पातीसमोर करून बघा. स्थानिक लोक लेडीफिशकडे नाक मुरडतात. मुरडू द्या.

पैशांबद्दल. आठशे डॉलरमध्ये तुम्ही होडी, पेट्रोल, गाइडचे डोळे आणि त्याची पाठ भाड्याने घेता. मासा त्यात येत नाही, आणि तुम्हाला हे कळतं. तरी "एवढे मोजले" हा विचार डोक्यात राहतो, कारण ऑफिसात जेवढं ओताल तेवढं काहीतरी बाहेर येतं. यावर माझ्याकडे मोठं तत्त्वज्ञान नाही. एक व्यवहाराची गोष्ट आहे. धक्का सोडण्याआधी गाइडला खरं सांगा: "शांत हवेत पन्नास फूट, वाऱ्यात पस्तीस. मासे मला उशिरा दिसतात. रॉड उचलायची वाईट सवय आहे, आधी आठवण करून दे." आणि हेही विचारा की हवा बिघडली तर काय करायचं. वाऱ्याच्या दिवशी बॅराकुडा मिळू शकतो (तारेचा तुकडा लावा, दात वाईट असतात), छोटे शार्क किंवा जॅक मिळू शकतात. किंवा सरळ म्हणा, आज मासा राहू दे, दोन तास मला वाऱ्यात टाकायला शिकव. तुमचे दोन ढगाळ दिवस असे कारणी लागले असते. तुम्ही टार्पनवर अडून बसलात, आणि तो बिचारा दिवसभर काठी ढकलत राहिला.

त्याचं ओरडणं मी फार मनाला लावून घेणार नाही. दोन दिवस त्याच्याही हाताला काही लागलेलं नव्हतं. आवाज चढणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. गाइड तुमची टिंगल करत असेल, तर दिवस संपवून पैसे द्या आणि पुढच्या वेळी दुसरा शोधा, चांगल्या स्वभावाचे गाइड तिथे आहेत. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून तसं दिसत नाही. उलट ओरडलात त्याबद्दल तुम्हालाच चुटपुट लागलेली दिसते.

आता तुमच्या पत्नीचं वाक्य. ते तुम्हाला पैशांवरून मारलेला टोमणा वाटलं. परत वाचा. तक्रार पैशांची नाही, वैतागाची आहे. आणि मला पत्रात एक गोष्ट खटकली: त्या दोघींनी तीन दिवस काय केलं याबद्दल अवाक्षर नाही. बिग पाइन कीवर की डिअर नावाची हरणं आहेत, मोठ्या कुत्र्याएवढी, जगात दुसरीकडे कुठे नसलेली. १९५७ पासून तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य आहे. संध्याकाळी ती रस्त्याच्या कडेला चरताना दिसतात. त्यांनी पाहिली का? विचारलंत का? चिडचिड होऊच नये असं मी म्हणणार नाही, हातचा टार्पन गेल्यावर कोणीही चिडेल. पण तिची हद्द ठरवा. बिग पाइनहून घरी निघालं की थोड्याच वेळात सेव्हन माइल ब्रिज लागतो. पुलावर चढताना धुमसायला सुरुवात करा, मोठ्याने शिव्या घाला, मुलीला हसू दे, आणि पलीकडे मॅरेथॉन गावात उतरलात की विषय बंद. आठ-दहा मिनिटं मिळतात. पुरेत.

फोटोंचं काय करायचं? ग्रुप काही दिवस म्यूट करा, एवढंच. फोटोतल्या माणसाच्या रिकाम्या दिवसांचा फोटो कोणी काढत नाही. परमिटवरून आठवलं. तो आपल्या पापलेटसारखा दिसतो, पण नात्याने खोकरांच्या कुळातला. फ्लायवर तो घेण्यात डेल ब्राउन या माणसाचं नाव सगळ्यात मोठं. आज वापरली जाणारी मर्किन नावाची खेकड्याची फ्लाय त्याचीच. आयुष्यभरात त्याने फ्लायवर ५१३ परमिट घेतले, आणि तो आकडा लोक अजून आदराने, नेमका, शेवटच्या तीनासकट सांगतात. रापण ओढणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, एवढे तर आमच्या एका ओढीत येतात. पण परमिटच्या मागे लागलेले लोक एकेक मासा मोजतात, कारण एकेक मासा तेवढा दुर्मीळ असतो. काही वर्षांत तुम्हाला एकही परमिट लागला नाही, यात तुमच्यात कमी असल्याचा कसलाही पुरावा नाही.

सोडायचं का? हे तुम्हीच ठरवायचं, पण ठरवताना एक बघा. त्या टार्पनने फ्लाय घेतली, त्या क्षणाचं वर्णन तुम्ही पत्रात पानभर केलं आहे. पाण्याचा रंग, त्याची बाजू कशी चमकली, सगळं. मासा गेल्यावरचं तीन ओळींत आहे, आणि त्यातल्या दोन गाइडबद्दल. ज्याला कंटाळा आलाय तो असं लिहीत नाही. पण पुढच्या काही महिन्यांत टॅम्पा बेवर फिरूनही रॉडकडे हात जाईना, किंवा जाण्याआधीच पोटात गोळा येऊ लागला, तर एक वर्ष खुशाल बंद ठेवा. रॉड खराब होत नाही. फक्त रील गोड्या पाण्याने धुऊन ठेवा, मिठाने गंजतं.

आणि जायचं ठरलं, तर मे-जूनच्या चांगल्या तारखा बऱ्याच आधी भरतात, तेव्हा लवकर बोला. कोणाशी? माझं मत विचाराल तर त्याच गाइडशी. आधी दोन ओळींचा मेसेज करा, "त्या दिवशी मी आवाज चढवला, माझं चुकलं. डाव्या हाताने खेचायचा सराव चालू आहे." मग तारखा विचारा.